राखून ठेवलेलं बोलणं

"नागे, कणगीचं तोंड उघडं ठिवू नगंस. हाताला लागलं म्हणून काढायचं नसतंय. नड आली की मूठभर काढायचं, आन् पुन्ना लिंपून टाकायचं. राखलेलं कवा दगा देत न्हाई."

सासू हे सांगायची तेव्हा नागुबाई नवीन नवरी होती. घरातले सगळे सासूला अव्वा म्हणत. अव्वाचं घर गावच्या पांढरीवर, जुन्या वस्तीच्या टेकाडावर होतं. तीन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर माळवदाचं ओझं. भूकंप झाला त्या पहाटे त्या भिंती आतल्या आत बसल्या. अव्वा गेली, आणि तिच्या कुशीत निजलेला नागुबाईचा दीड वर्षांचा बसव गेला. नागुबाई आणि तिचा नवरा ईश्वरप्पा गणपती बोळवून उशिरा आले होते आणि अंगणातच आडवे झाले होते, म्हणून राहिले. जवानांनी ढिगारा उपसला तेव्हा कोपऱ्यातली कणगी साबूत निघाली. तोंड लिंपलेलं आणि आत ज्वारी. मदतीच्या गाड्या येईपर्यंत आळीत जी माणसं उरली होती, त्यांनी तीच भरडून खाल्ली.

लिंगायताचं लेकरू मातीला द्यायचं असतं. मांडी घालून बसवायचं, कपाळाला विभूती लावायची. त्या दिवशी वरून पाऊस होता, खांदे द्यायला माणसं पुरत नव्हती, आणि सगळ्यांना एकच आग दिली गेली. बसवच्या कपाळाला विभूती लावायची राहिली. ती राख थंड व्हायच्या आत नागुबाईने गळ्यातलं लिंग मुठीत धरलं आणि नेम घेतला, या मातीवर पुन्हा पाय ठेवणार नाही.

सरकारने नवं गाव खाली वसवलं, खोलगट सपाटीला. एकसारखी घरं, पत्त्यांच्या डावासारख्या रांगा. तिथं नागुबाईला शिल्पा झाली. पांढर डोळ्यासमोरच होती, पडक्या भिंती, बाभळी, आणि त्या टेकाडाच्या पायथ्याने जाणारा औशाचा रस्ता. नागुबाई रानात जाताना वळसा घालून जायची. पण पांढरीवर कधी चढली नाही.

सवलतीचे फोन आले ते शिल्पा लातूरला जायच्या आधी महिनाभर. पिवळ्या कार्डाच्या घरांना एकेक फोन, तोही बाईच्या नावावर. ग्रामपंचायतीसमोर मांडव घातला होता. गावात गुरुलिंगचं किराणा दुकान होतं आणि तोच रिचार्ज मारून द्यायचा, म्हणून वाटपाचं काम त्याच्याकडे आलं होतं.

"नागुमावशी, अंगठा नको, सही येते का? न्हाई? मग अंगठा. हां. हा फोन, हे चार्जर. आलेला फोन फुकट, कितीबी बोला. आन् आपून लावायला म्हयन्याला थोडी मिनिटं फुकट. सरकार भरतंय."

"अप्पाच्या नावावर न्हाई का?" नागुबाईने नवऱ्याकडे बघत विचारलं.

"न्हाई. बाईच्याच."

ईश्वरप्पा मागे उभा होता. रोजगार हमीच्या खडीकामाने त्याची कंबर वाकली होती, पण जीभ सरळ होती. "म्हंजी आता ही बोलणार आन् मी ऐकणार. सरकारनं नवं काय केलं त्यात?"

मांडवातल्या बाया हसल्या. सरजाबाई सगळ्यात जोरात हसली. ती नागुबाईच्या भिंतीला भिंत लागून राहायची.

नागुबाईने फोन पदरात घेतला. जरा थांबून तिने हळूच विचारलं, "गुरुलिंगा, ती मिनिटं न्हाई वापरली तर?"

"न्हाई वापरली तर ऱ्हातेत की. कुठं जातेत?" गुरुलिंग म्हणाला. त्याच्या मागे रांग होती, ऊन होतं, आणि त्याला पुढचं नाव घ्यायचं होतं.

घरी आल्यावर नागुबाईने फोन देवळीत ठेवला, विभूतीच्या डबीशेजारी.

शिल्पा दहावीला शाळेत पहिली आली होती. मास्तरांनी लातूरच्या एका क्लासवाल्यांना चिठ्ठी दिली होती, की पोरगी हुशार आहे, फी कमी करा. त्यांनी केली, पण एक अट घातली. दर टेस्टला वरच्या बॅचमध्ये राहायचं. राहायची सोयही मास्तरांनीच लावली. माधवराव आणि प्रमोदिनीबाई म्हणून एक कुटुंब होतं. माधवराव कोर्टात कारकून, प्रमोदिनीबाई घरी क्लासच्या मुलांची खानावळ चालवायच्या. शिल्पाने सकाळ-संध्याकाळ पोळ्या लाटायच्या, त्या बदल्यात जेवण आणि माडीखालची खोली.

जायच्या आधी शिल्पा फोन हातात उंच धरून रेंज शोधत सगळ्या गावात फिरली. घरात नाही, मारुतीपाशी नाही, शाळेवर नाही. मग ती पांढरीवर गेली आणि वरून ओरडली, "माय! हितं हाय! चार दांड्या!"

नागुबाई पायथ्याला उभी राहिली.

"वर ये की!"

"मला न्हाई जमायचं."

शिल्पा खाली आली. तिला माहीत होतं. या घरात बसवचं नाव कोणी मोठ्याने घेत नसे, पण दर सोमवारी एक भाकर जास्त का पडते ते तिला लहानपणापासून ठाऊक होतं. ती आईच्या शेजारी दगडावर बसली.

"मग मी बोलू कुणाशी? अप्पाशी? त्यो कानाला लावतो, हाव हाव म्हणतो आन् परत देतो."

नागुबाई उठून घराकडे चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने आंघोळ केली, डाव्या तळहातावर लिंग घेतलं, विभूती लावली, बेलाचं पान वाहिलं. रोजच्यापेक्षा जरा जास्त वेळ तळहाताकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "एका लेकरासाठी धरलं हुतं. दुसऱ्यासाठी सोडते. राग मानू नगंस."

त्या दुपारी तिने पायथ्याला चपला काढल्या आणि वर चढली. अनवाणी. आपलं घर कुठलं ते शोधावं लागलं नाही. उंबऱ्याचा दगड जागेवर होता. ती त्यावर बसली नाही, शेजारी मातीवर बसली.

शिल्पा निघाली तेव्हा एसटीच्या खिडकीशी नागुबाईने तिचा हात धरला. "दर रविवारी चारला मी वर आसंन. तू फोन लाव न्हाईतर नको लावू. टेस्ट आसू दे, काई आसू दे. जग बुडालं तरी मी वर आसंन. ध्येनात ठिव."

"हाव गं माय. गाडी सुटाय लागली, हात सोड."

*

त्या साली पाऊस नावाला झाला. सोयाबीन टिचभर वाढून पिवळं पडलं. पेरलेली ज्वारी वर आलीच नाही. दिवाळी व्हायच्या आत विहिरीच्या तळाला कपार दिसायला लागली, आणि मार्गशीर्षात टँकर सुरू झाला.

टँकर रविवारीही यायचा, तीन ते पाचच्या मधे कधीतरी. घागरींची रांग सकाळीच लागायची. नागुबाईच्या दोन घागरी आणि एक प्लास्टिकचा ड्रम सरजाबाई पुढे सरकवायची, पण फुकट नाही.

"निघाल्या राणीसाहेब. फोन आलाय लातूरचा. आमी हितं पाण्यासाठी एकमेकींच्या झिंज्या उपटाव, आन् ही वर जाऊन गप्पा मारणार."

"तुझं बी लेकरू शिकाय गेलं आसतं तर तू बी गेली आसतीस, सरजे."

"माझं लेकरू शिकाय गेलं आसतं तर मी पांढरीवर काय, वरच्या लिंबाच्या शेंड्यावर जाऊन बसले आसते. जा, जा. चार वाजले."

फोन वाजायचा. शिल्पा क्लासबाहेरच्या नाण्याच्या डब्यावरून लावायची. एक नाणं टाकलं की थोडंसं बोलणं, मग टुंग टुंग, मग दुसरं नाणं. तिच्या मागे पोरांचा गलका, दुचाक्या आणि ऑटोचे हॉर्न ऐकू यायचे.

"माय, जेवलीस का?"

"जेवले. तू?"

"जेवले. बाईंनी आज श्रीखंड केलतं. मला वाटीभर ठिवलतं."

"पोळ्या किती लाटतीस गं?"

"मोजत न्हाई. मनगट दुखतंय, म्हणून लिवायला वेळ लागतो. ... ते जाऊ दे. टँकर आला का?"

"येतोय. सरजी हाय रांगेला."

"अप्पाची कंबर?"

"हाय तशीच."

एवढंच व्हायचं. ते झाल्यावरही नागुबाई जरा वेळ फोन कानालाच धरून बसायची. खाली उतरली की तो पुसून देवळीत ठेवायची. तिने स्वतः कधीच कुणाला लावला नाही. ईश्वरप्पा एकदा म्हणाला, "आगं, फुकट मिनिटं हायेत. तुझ्या भावाला लाव की उदगीरला. आडतीत हमाल्या करून त्याचं काय चाललंय ते तर कळंल."

"त्यो बरा हाय. आखाडाला भेटला की. मिनिटं राहू दे. साठतेत."

"किती साठली आसतील आता?"

"अप्पा, कणगी उघडून मोजत नसतेत."

तिच्या मनात ती खरोखर साठत होती. दर महिन्याची थोडी, एकावर एक, ज्वारीसारखी. कधी पोरीला ताप आला, कधी ईश्वरप्पा कामावर पडला, कधी काही विपरीत झालं, तर ती कणगीचं तोंड फोडणार होती आणि मनसोक्त बोलणार होती. तोवर हात लावायचा नाही.

फोन अधूनमधून टिंग करायचा आणि त्याच्या छोट्या काचेवर एक पाकीट दिसायचं. पहिल्यांदा दिसलं तेव्हा तिने सरजाबाईला दाखवलं.

"दाबू नगंस ग बया!" सरजाबाईने तिचा हातच धरला. "आमच्या जावयानं असंच एक पाकीट उघडलं तर फोनातले सगळे पैशे गेले. कसलं तर गाणं सुरू झालं आन् म्हयनाभर कापतच ऱ्हायले."

नागुबाईने पाकीट उघडलं नाही. एकाची दोन झाली, दोनाची चार. तिने सगळी तशीच बंद ठेवली. ईश्वरप्पाला अक्षरं लावून वाचता यायचं, पण त्यालाही तिने दाबू दिलं नाही.

*

त्या रविवारी शिल्पाचा आवाज बारीक होता.

"माय."

"बोल बाळा."

"माय, मी घरी आले तर चालंल का?"

"ये की. परीक्षा झाली की येच. उन्हाळ्यात..."

"तसं न्हाई. मंजे... ह्या टेस्टला..." मागून कुणीतरी ओरडलं, ए ताई, आटप, आम्हाला पण लावायचाय. "माय, बोर्डावर नाव लावतेत गं. सगळ्यांनी वाचावं आसं. माझं..."

टुंग टुंग.

"शिल्पे? नाणं टाक."

"न्हाई माज्याकडं दुसरं. माय, तू..."

फोन बंद झाला.

नागुबाईने तो कानापासून काढून समोर धरला. वारा होता, आणि बाभळीच्या वाळक्या शेंगा खुळखुळ वाजत होत्या. खाली टँकरचा हॉर्न वाजला. तिला माहीत होतं की हिरवं बटण दोनदा दाबलं की आलेल्या नंबरावर परत फोन जातो. शिल्पाने शिकवलं होतं. अंगठा त्या बटणावर गेलाही.

मग तिने विचार केला. पोरगी हिरमुसली आहे. एका टेस्टला मार्क कमी पडले असतील. ही काही नड नाही. रडणं ऐकलं की आपण 'ये' म्हणून बसू, आणि ती खरंच येईल. पुढच्या रविवारी शांतपणे बोलू, तोवर तीही शांत होईल.

तिने अंगठा उचलला आणि खाली उतरून घागरी भरायला गेली. सरजाबाईला म्हणाली, "पोरगी जरा रुसलीय."

"मग लाव की परत. तुझ्याकडं तर पोतंभर मिनिटं हायेत."

"येळ आली की लावीन."

*

पुढच्या रविवारी फोन वाजला नाही.

नागुबाई सूर्य कलेपर्यंत बसली. टेस्ट असेल. त्याच्या पुढच्या रविवारीही वाजला नाही. काचेवरच्या ज्या दांड्या शिल्पाने बोट ठेवून दाखवल्या होत्या, त्यांच्या जागी इंग्रजी अक्षरं आली होती. तिने ती नीट पाहिली, पण अक्षरं ती अक्षरं. तो आठवडा तिने रोज एकच वेळ जेवून काढला. सोमवारचा उपास तर होताच, ती बाकीचे दिवसही त्यातच मिळवत गेली.  ईश्वरप्पाही ताटात अर्धं टाकत होता.

तिसऱ्या रविवारी चार वाजून गेले आणि नागुबाई उठून उंबऱ्याच्या दगडावर बसली. तिथं ती आजवर बसली नव्हती. तिने पदराच्या गाठीतून चिटोरं काढलं. प्रमोदिनीबाईंचा नंबर त्यावर शिल्पाने मोठ्या आकड्यांत लिहिला होता. एकेक आकडा जुळवत तिने दाबला. दाबताना तिच्या मनात आलं की आज कणगी फोडली. हिरवं बटण दाबून तिने फोन कानाला लावला.

एक बाई बोलली. गोड, स्वच्छ, शहरी आवाज. नागुबाई म्हणाली, "बाई, मी शिल्पाची माय बोलते." ती बाई थांबली नाही. बोललेलंच परत बोलली. नागुबाईने पुन्हा सांगितलं, शिल्पाची माय. बाईने पुन्हा तेच.

ती धावत खाली उतरली, चपला पायथ्यालाच राहिल्या.

गुरुलिंगने फोन हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला, काचेवरची अक्षरं वाचली. "मावशी, ही बंद पडलीय की सेवा."

"बंद? आन् माझी मिनिटं?"

गुरुलिंगने आपल्या दुकानातल्या फोनवरून कंपनीच्या मदतीच्या नंबरावर लावलं. त्याच्या फोनलाही खाली रेंज नव्हती, पण दुकानात तारेचा फोन होता. बराच वेळ गाणं वाजलं. मग एक मुलगी बोलली. गुरुलिंग हां हां करत राहिला आणि ऐकता ऐकता त्याने मान खाली घातली.

"काय म्हणती?"

"मावशी, ती म्हणती, ह्या फोनवरून आजपावतर एकबी फोन बाहेर गेला न्हाई."

"न्हाईच गेला. राखला मी."

"तेच की. जे कुटुंब फोन लावतच न्हाई, त्याला गरज न्हाई आसं धरतेत. सवलत काढून दुसऱ्या कुटुंबाला देतेत. म्हंती, पाच येळा संदेश धाडला हुता. एकदा तरी फोन लावा म्हणून."

नागुबाईला ती पाकिटं आठवली.  ती दुकानाच्या फळीला धरून उभी राहिली.

"तूच म्हनला हुतास, न्हाई वापरली तर ऱ्हातेत."

"मला तरी काय मालूम, मावशी? मला जेवढं सांगितलं तेवढं मी सांगितलं." मग काय करावं ते न सुचून त्याने तिच्या हातातलं चिटोरं घेऊन प्रमोदिनीबाईंना फोन लावला. तो तिच्या कानाला धरला.

"हॅलो? कोण? ... शिल्पाच्या आई? अहो, कुठे होतात तुम्ही?" प्रमोदिनीबाईंचा आवाज आधी चढला आणि मग एकदम खाली आला. "शिल्पा पोचली ना?"

"कुठं पोचली?"

पलीकडे हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"कुठं पोचली बाई?"

"अहो, ती सोमवारी निघाली. या गेल्या सोमवारी. तिचा फोनच लागत नव्हता तुम्हाला. नंबर अस्तित्वात नाही म्हणायचा. माझ्या फोनवरून लावून पाहिला दोन-तीनदा. दुसरा नंबरही नव्हता तिच्याकडे. रडत होती सारखी. म्हणाली, काकू, आईला काहीतरी झालंय, नाहीतर आई असं करणार नाही, ती दर रविवारी वर बसते. मी म्हटलं, जा बाई, बघून ये. सकाळच्या पोळ्या लाटून, पिशवी घेऊन गेली. मला वाटलं, घरी असेल."

*

ईश्वरप्पा सोमवारी पहिल्या एसटीने लातूरला गेला. नागुबाईही त्याच्याबरोबर गेली. 

क्लासच्या फाटकावर मुलंच मुलं होती. भिंतीवर मोठ्या बोर्डाला नावं लावलेली होती. ईश्वरप्पाने बोट फिरवत वाचत वाचत सगळ्यात खालची रांग गाठली, आणि तिथंही नाव नव्हतं. आतल्या माणसाने टेबलावरून न उठता सांगितलं की मुलगी वरच्या बॅचमधून खाली आली होती. अटीप्रमाणे सवलत संपली. त्यांनी पालकांना कळवायला फोन केला होता, लागला नाही. "तुम्ही नंबर चालू ठेवायला पाहिजे होता हो. एवढी मुलं आहेत. आम्ही कुणाकुणाच्या मागे लागणार?"

प्रमोदिनीबाईंनी त्यांना चहा केला आणि शिल्पाची खोली दाखवली. माडीखाली ती खोली होती, ईश्वरप्पाला आत वाकूनच जावं लागलं. पुस्तकं एकावर एक नीट रचून ठेवलेली. कोपऱ्यात एका ताटलीत विभूती. नागुबाईने ती बोटाने उचलून आपल्या कपाळाला लावली. प्रमोदिनीबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी स्वतः तिला बसस्टँडवर सोडायला पाहिजे होतं. पण दुपारच्या जेवणाला मुलं यायची होती." त्यांचे डोळे भरले होते. नागुबाईने त्यांचा हात धरला. 

बसस्टँडवर कुणाला काही आठवत नव्हतं. निलंग्याच्या गाडीचा एक कंडक्टर म्हणाला, पिशवीवाल्या पोरी रोज शंभर जातात. चहावाल्याने सांगितलं की एक पोरगी बराच वेळ बाकावर बसली होती, मग उठून रेल्वेच्या रस्त्याने चालत गेली. ती तीच होती का, ते त्याला सांगता येईना.

चौकीवर हवालदाराने आधी ईश्वरप्पाकडे आणि मग नागुबाईकडे पाहिलं.

"वय?"

"सतरा."

"कुणाचा नाद?"

ईश्वरप्पाचा चेहरा काळा पडला. "साहेब, आमची पोरगी तसली न्हाई."

"सगळेच म्हणतेत, मामा. आधी पाव्हण्याकडं बघा. हितं तुमचा फोन नंबर सांगा. खबर आली तर कळवतो."

ईश्वरप्पाने आकडे सांगितले. घरात सगळ्यांना पाठ असलेला तेवढाच नंबर होता, शिल्पानेच पाठ करून घेतला होता, पाढ्यासारखा. हवालदाराने तिथंच लावून पाहिला, आणि आवाज मोठा करून सगळ्यांना ऐकवला. तीच गोड, शहरी बाई बोलली.

"घ्या. ही म्हणती, तुम्ही अस्तित्वातच न्हाई. मग कळवायचं कुणाला, मामा?"

बाकावर बसलेले दोघं-तिघं हसले. नागुबाई पुढे झाली आणि हळू आवाजात म्हणाली, "साहेब, आमी हाव. हितंच हुबा हाव."

हवालदार जरा ओशाळला. "बरं, बरं. दुसरा नंबर आला की सांगा."

त्यानंतर ते परळीच्या बाजूला गेले, उदगीरला नागुबाईच्या भावाकडे गेले, स्टेशनांवर फिरले. भाऊ त्यांच्याबरोबर दोन दिवस हिंडला. कुठं काही नाही. ईश्वरप्पाची कंबर बसमधून उतरताना धरायची, आणि तो खांबाला धरून उभा राहायचा, माणसं त्याच्याभोवतीने जायची.

परत आल्यावर गुरुलिंग स्वतः घरी आला. त्याने स्वतःच्या खर्चाने एक नवं सिम आणलं होतं आणि फोनमध्ये घालून दिलं. त्याने नागुबाईच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही. "मावशी, आता हे बंद पडणार न्हाई. मी बघतो."

"नंबर त्योच हाय का?"

"न्हाई. त्यो गेला. आता त्यो दुसऱ्याला लागला आसंल. हा नवा हाय."

"मग शिल्पेला कसा कळंल?"

 गुरुलिंगने नवा नंबर चौकीला आणि प्रमोदिनीबाईंना कळवला, आणि निघून गेला.

*

पुढचा रविवार.

नागुबाई पहाटे उठली. घरात तांब्याभर पाणी होतं. त्यातल्या अर्ध्याने तिने अंग पुसून घेतलं, उरलेलं पूजेला ठेवलं. तळहातावर लिंग घेतलं तेव्हा काय मागायचं ते तिला सुचेना, म्हणून काहीच मागितलं नाही. विभूती लावली आणि बेलाचं पान वाहिलं. ते वाळलेलं होतं, दोन तुकडे झाले. तिने दोन्ही वाहिले.

दुपारी तिने भाकरी थापल्या. पीठ खाली आलं होतं, कणगी कधीच रिकामी होती. दोन भाकरी आणि शेंगाची चटणी फडक्यात बांधली, बाटलीत प्यायचं पाणी भरलं. ईश्वरप्पा भिंतीला पाठ लावून बसला होता. त्याने आधी फडक्याकडे आणि मग तिच्याकडे पाहिलं.

"फोन घेतला का?"

"घेतला. चौकीवरून आला तर आला."

"आन् भाकर?"

"तिच्यासाठी."

ईश्वरप्पाने कंबरेला हात लावून पाठ सरळ केली.

"नंबर बदलला आसंल, अप्पा. जागा तर तिला म्हाईत हाय की. चारला मी वर आसते, तिला सांगून ठिवलंय. औशाच्या रस्त्यानं कुठूनबी आली तरी पांढर आधी दिसती."

"आन् न्हाई आली तर?"

नागुबाईने फडक्याची गाठ पुन्हा एकदा आवळली. "मग पुढच्या रविवारी."

टँकर अजून आला नव्हता. चौकात घागरींची रांग लागली होती, उन्हात बाया बसल्या होत्या आणि पुढच्या जागेवरून दोघींचं भांडण चाललं होतं. नागुबाई समोरून येताना दिसली तशा दोघी गप्प झाल्या. सरजाबाई उठली. तिने काही टोमणा मारला नाही. नागुबाईच्या दोन घागरी आणि ड्रम तिने स्वतःच्या घागरीच्या पुढे नेऊन ठेवला, आणि त्या जागेवरून कुणी काही म्हटलं नाही.

"चार वाजायला आले, नागे," ती म्हणाली. "जा."

नागुबाईने मान हलवली. गल्ली ओलांडून ती पायथ्याशी गेली, चपला काढून बाजूला नीट जोडीने ठेवल्या, आणि फडकं छातीशी धरून अनवाणी वर चढायला लागली.